देखाव्यातली चूल

"आत्या, हात वर करा जरा. पदर खोचायचाय," सोनिया म्हणाली.

रंगुबाईनं हात वर केले. सून तिला हिरवं लुगडं नेसवत होती. लुगडं भाड्याचं होतं आणि कांजीनं इतकं कडक झालं होतं की म्हातारी जरा हलली तरी कागदासारखं वाजायचं. तिचं स्वतःचं लुगडं घडी होऊन पिशवीत गेलं होतं. फोटोत मळकं दिसेल, असं दिग्विजयनं सांगितलं होतं.

"मेंढरामागं असलं लुगडं कोण नेसतं गं?"

"आज नेसायचं. आन् तोंड जरा हसरं ठेवा. मयताला आल्यागत बसू नगा."

रंगुबाई खरंच हसली. तिला आज हसायला कारण होतं. दुपार टळली की ती भेट बघायला जाणार होती.

चिंचखोरीची बिरदेवाची यात्रा जुनी. 'महोत्सव' मात्र यंदाचा. दिग्विजय हा गावातला तरुण पुढारी. शहरातली माणसं यात्रेला यावीत म्हणून त्यानं शाळेच्या मैदानावर देखावे मांडले होते. एका कडेला बैलगाडी, दुसऱ्या कडेला जातं आणि मधोमध धनगराचा वाडा. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारी माणसं जिथं उतरतात, त्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. सगळं हुबेहूब केलं होतं. कापडाचं पाल, मेंढरं कोंडायची जाळी, जाळीत दहा-बारा मेंढ्या, डालग्याखाली कोंबड्या. तीन दगडांची चूलही होती. तिच्यात लाकडं रचून खाली लाल बल्ब लावला होता. एक माणूस तेवढं कमी होतं, ते धनाजीनं भागवलं. आपली आई दिली.

"आये, दुपारपातूर बसायचं फकस्त," त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. "दिग्विजयदादा दूध संघात माझं डायवरचं काम करणार हाय. त्येचा सबूद मोडता येत न्हाई."

"आन् भेट?"

"भेटीला मी सोता तुला हाताला धरून नेतो. मग तर झालं?"

भेट म्हणजे त्या यात्रेचा जीव. चैतात बिरदेवाची पालखी ओढ्यावर जाते, तिथं त्याच्या बहिणीची पालखी वाट बघत असते. दोन्ही पालख्यांचे दांडे एकमेकांना टेकतात, ती भेट. रंगुबाईनं ती कधीच बघितली नव्हती. गावची लेक आणि गावचीच सून असून नव्हती बघितली. चैतात वाडा असायचा उंब्रजच्या बाजूला, बागायतदारांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला. तिथनं एकटा गडी एसटीनं यात्रेला यायचा. बाई मेंढरांजवळ राहायची. आधी बाप यायचा, लग्नानंतर नवरा अर्जुना. अर्जुना परत आला की सांगायचा, "रंगे, दांडं टेकत्यात न्हवं, त्या घटकंला समदं ढोल गप व्हत्यात. एवढी हजारो माणसं, पर कुणाचा सूर न्हाई. मग एकदम भंडारा उडतो." ती म्हणायची, "मला कवा नेताय?" तो म्हणायचा, "मेंढरं कमी झाली की."

मेंढरं कमी झाली नाहीत. गेल्या पावसाळ्यात अर्जुना गेला आणि दिवाळीला धनाजीनं सगळा कळप विकून टाकला. म्हणून तर यंदा चैतात ती गावात होती.

सकाळपासून माणसं येत होती. सांगलीहून आलेलं एक जोडपं पालासमोर थांबलं. नवरा म्हणाला, "उमा, बघ काय सुंदर पुतळा केलाय. सुरकुत्यासुद्धा काढल्यात."

रंगुबाईला तेवढ्यात शिंक आली.

"अगं बाई, जिवंत आहेत!" उमा ओरडली आणि मग ओशाळून हसली. "सॉरी हां आजी. यांचं हे असंच असतं."

"असू द्या की बाय. आजून हाय जित्ती."

उमा बोलकी होती. चांगल्या मनाचीही होती. तिनं मेंढरांचं विचारलं, रानातल्या पावसाचं विचारलं, बाळंतपणं कुठं झाली ते विचारलं. कुणी इतक्या मायेनं विचारलं की माणूस मोकळं होतं. रंगुबाई सांगत सुटली. मग उमा म्हणाली, "आजी, या बल्बवर काय भाकरी भाजणार तुम्ही? एक खरी करून दाखवा ना."

रंगुबाईनं बल्ब उपसून बाजूला ठेवला, शेजारच्या स्टॉलवरनं काडेपेटी आणि पीठ मागून घेतलं आणि चूल पेटवली. धूर निघाला. जाळीतल्या मेंढ्यांनी माना वळवून बघितलं. चुलीला हात जोडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

वाड्याची एक रीत होती. यात्रेदिवशी गडी देवाला गेला की बाईनं चूल पेटवायची आणि तो परत येईस्तोवर ती विझू द्यायची नाही, तिला सोडून जायचं नाही. गड्यानं येऊन भेटीचा भंडारा चुलीच्या दगडाला लावला की बाई मोकळी. ही रीत तिच्या हातात इतकी मुरली होती की हातानं तिला विचारलंच नाही.

पण हा काही खरा वाडा नव्हता. तिनं मनाची समजूत घातली. धनाजी न्यायला येईल, तोच सांगेल की ह्यो देखावा हाय, ऊठ. लेकानं सांगितलं की झालं.

भाकरी खाऊन उमा गेली. उन्हं कलली. देवळाकडनं ढोल सुरू झाले. पालखी निघाली होती. धनाजी धावत आला, त्याच्यामागं दिग्विजय.

"चल रं," रंगुबाई उठत म्हणाली. "पर ही चूल पेटवून बसलीया मी. तूच सांग बाबा, सोडू का?"

दिग्विजय घड्याळ बघत म्हणाला, "आजी, तुम्हाला थांबावं लागेल. दूध संघाचे साहेब आत्ता कुठं पोचतायत. ते आधी ओढ्यावर भेट बघणार, मग इकडं येणार. वाड्यात माणूसच नसेल तर काय दाखवू त्यांना? धनाजी, काय ते बघ." आणि तो फोन कानाला लावून पुढं गेला.

"आये..."

"तू हाताला धरून नेतो म्हनला व्हतास."

"पुढल्या वर्सी जाऊ की."

"पुढल्या वर्सी मी आसन व्हय रं?"

धनाजीनं खाली बघितलं. खाली चूल होती. तो क्षणभर चुलीकडं बघत राहिला आणि मग चेहरा गंभीर करून म्हणाला, "न्हाई आये, चूल पेटवलीयास तू. आता सोडून कसं चालंल? बापाच्या टायमाची रीत हाय. देवाला काय वाटंल?"

अर्जुनाच्या दहाव्याला डोकं भादरायला कां कूं करणारा, बापाची घोंगडी कळपाबरोबर विकून टाकणारा हा लेक. रंगुबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याला दिसलं की तिला कळलंय. तरी तो मागं हटला नाही.

"जा तू," ती म्हणाली. "उशीर व्हईल."

ती चुलीपुढं बसली. मैदान रिकामं झालं, सगळे ओढ्याकडं गेले. ढोलांचा आवाज लांब लांब गेला. ती कान देऊन ऐकत होती. आणि मग ढोल थांबले. एकदम, सगळे. तिनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले, तोच मैदानावरचा कर्णा खरखरला, "हॅलो, हॅलो, माईक चेक. पार्किंगमधली पांढरी गाडी कुणाची आहे, त्यांनी ती ताबडतोब काढावी." गाडीचा नंबर दोनदा सांगून होईस्तोवर ओढ्याकडं पुन्हा ढोल लागले होते.

साहेब आले तेव्हा सगळ्यांच्या अंगावर भंडारा होता. साहेब पिवळे, दिग्विजय पिवळा. धनाजी तर केसांपासून पायापर्यंत पिवळा झाला होता. साहेब वाकून म्हणाले, "काय आजी, किती मेंढ्या?"

"येक बी न्हाई."

"मग या कुणाच्या?"

"भाड्याच्या. लुगडं बी."

साहेब मोठ्यानं हसले, म्हणून सगळे हसले. फोटो झाले. रंगुबाई धनाजीच्या हाताकडं बघत होती. नुसतं बोट टेकलं असतं तरी पुरलं असतं, दगड हाताशीच होता. पण त्याच्या दोन्ही हातांत साहेबांचे हारतुरे होते आणि दिग्विजय गाडीकडनं हाक मारत होता. दारं लागली. धनाजी पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून गेला.

दिवस मावळायच्या आत टेम्पो आला. मेंढ्या चढल्या, पाल उतरलं. एक माणूस पाण्याची बाटली उघडून चुलीकडं वळला. "आज्जे, सरका. दगडं बी न्यायची हायती."

"थांब. इजवती मी."

तिनं लाकडं एकेक करून बाहेर ओढली, मातीत दाबली. निखारे मुठीनं माती टाकून झाकले. धूर पुरता बंद झाल्यावरच उठली, लुगडं बदललं आणि वाटेला लागली.

तिच्या आळीच्या तोंडाला कोंडाबाई पायरीवर पाय पसरून बसली होती. दोघी सासरी एकाच वर्षी आलेल्या. कोंडाबाईच्या कपाळाला, कानाच्या पाळ्यांना, चोळीच्या बाह्यांना भंडारा होता.

"आगं रंगे, गर्दीत कुठंच दिसली न्हाईस! यंदा तरी बघितलीस न्हवं भेट?"

"बघितली की. धनाजीनं न्हेलं हाताला धरून. लय गर्दी व्हती बया."

कोंडाबाईनं वर बघितलं. रंगुबाईचे पांढरे केस पांढरेच होते, त्यात पिवळा एक कण नव्हता. कोंडाबाईची नजर केसांवर थांबली आणि मग बाजूला झाली.

"व्हय," ती म्हणाली, "गर्दी लय व्हती." आणि पाय आखडून तिनं पायरीवर जागा केली.