झाकण कधी लावायचं?

प्रश्न: दारूबंदी झाली, मग तू पितोस काय?

अब्बासने हे विचारलं तेव्हा हारून हसला. कायदा येईपर्यंत हारून इथे आखातात इंग्रजांच्या क्लबात पिंपातून बियर काढून द्यायचा. आता शर्क मोहल्ल्याच्या मासळीबाजारात बर्फ फोडत होता.

"घरी करतो, मेल्या. माल्टचा डबा मिळतो, पोरांच्या ताकदीचा. पाणी, साखर, पाववाल्याकडचं खमीर."

"खमीर उकळत्यात टाकायचं?"

"टाक. आणि खमिराच्या मयताला चार खांदेकरीपण बोलव. निवल्यावर टाकायचं, निवल्यावर!"

प्रश्न: पिंपाचं झाकण कधी लावायचं?

"बुडबुडे थांबल्यावर. तोवर नुसतं फडकं."

"आणि वास?"

"येणारच. गावाला माडीच्या मडक्याला कधी बूच मारलंस?"

"गावाला मजीदभाई नव्हता."

मजीद म्हणजे अब्बासच्या बहिणीचा, गावी राहिलेल्या रबियाचा नवरा. ट्रक चालवायचा. अब्बासचा व्हिसा त्याने आणलेला, खोली त्याची. पोलीस दारात आला तर दोघेही परतीच्या बोटीवर, हे त्याने अब्बासला एकदा समजावलं होतं. त्यात अब्बासचा दात पडला होता.

प्रश्न: वास अडवला तर?

हे अब्बासने कोणालाच विचारलं नाही. रंगाचं रिकामं पिंप घासून घेतलं होतं. आतलं अजून खदखदत होतं. त्याने झाकण दाबलं, भोवतीचं लोखंडी कडं आवळलं, बोल्ट पिळला. वास थांबला. दुसऱ्या दिवशी झाकण मधोमध फुगलं. बियर जमतेय, असं वाटून तो खूश झाला.

प्रश्न: हे काय हाय?

हा मजीदचा.

"रंग."

थप्पड.

"रंग फुगतो काय रे?"

लाथ. मग केस धरून डोकं भिंतीवर. भिंतीवर लाल. पुन्हा भिंत.

"तुझ्या बहिणीची पोरं काय खातील? हे?"

मजीदने ट्रकमधला हातोडा आणला.

"नको, मजीदभाई, सांडेल!"

सांडेल. अब्बासला तेवढीच भीती होती.

मजीद पिंपावर वाकला. बोल्टवर घाव घातला.

कडं सुटलं.

झाकण

मजीदच्या

तोंडावर.

फेस छताला लागला. खाली आला तेव्हा तांबडा होता. मजीदचा उजवा डोळा राहिला नव्हता. डावा रक्ताने भरला होता, आणि तो गुरासारखा ओरडत होता.

प्रश्न: इस्पितळात काय सांगायचं?

नेलं नाही तर डावाही जाणार. नेलं तर दोघांच्या कपड्यांतून बियर टपकतेय. अब्बासने त्याच्या अंगावर बादली ओतली. मजीद किंचाळला. वास गेला नाही.

टॅक्सी फाटकासमोर थांबली. फाटकात पोलीस.

"सरळ आत जा. मी येतो मागनं."

मजीदने चाचपडत त्याची कॉलर पकडली. "पळतोस? मला असा टाकून?"

"सोड."

"नाय."

अब्बास त्याच्या बोटांना चावला. हाडापर्यंत चावला. मूठ उघडली, अब्बास पळाला.

कोपऱ्यावर वळून पाहिलं. मजीद हात पुढे करून चालत होता. फाटकाकडे नाही, रस्त्याकडे. लॉरीचा भोंगा. अब्बास परत धावला, अंगावर आदळला, दोघे धुळीत पडले. चाक कानाजवळून गेलं.

पोलीस आला. वाकला. वास घेतला.

प्रश्न: कोण प्यायलं?

"कोणी नाय," अब्बास मोडक्या अरबीत म्हणाला. "बनवली मी. याला ठाऊक नव्हतं. आधी याचा डोळा बघा."

आवाजाच्या रोखाने मजीदने मूठ मारली. हवेत गेली. पुन्हा मारली. चुकली.

अब्बासने तोंड पुढे नेलं.

तिसरी बसली.

मग पोलिसाची काठी, मग जीप. डावा डोळा वाचला, हे अब्बासला कोठडीत समजलं. हद्दपारीच्या दिवशी मजीद त्या एका डोळ्याने त्याला शोधत धक्क्यावर आला. पोलिसांनी त्याला दोनदा मागे ढकललं. तिसऱ्यांदा तो पोहोचला, आणि अब्बासने तोंड झाकायला हात वर केले नाहीत.