शकुंतलाबाईंचा ठेका

माझ्या नवऱ्याला घरातली कुठलीही वस्तू वाजवता येते, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. शंतनु शाळेत चित्रकला शिकवतो. उरलेल्या वेळात परात, सूप, कढई, कुकरचं झाकण, जे हाताला लागेल ते. याला तो प्रायोगिक तालवादन म्हणतो. मी कटकट म्हणते.

त्याच घरात माझ्या सासूबाई, शकुंतलाबाई, खरोखर वाजवूनच बोलतात. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात स्टीलचा पेला असतो. खाटेच्या दांडीवर तो एकदा आपटला तर पाणी द्या, दोनदा आपटला तर कूस बदला, आणि न थांबता आपटत राहिल्या तर बाथरूमला न्या, लगेच. डायपर त्यांनी एकदाच बांधू दिला आणि दिवसभर रडल्या. मी पुन्हा ती वेळ आणली नाही. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, आयुष्यभर कडक इस्त्रीच्या पातळात वावरलेली. तिचा तेवढाच मान उरला होता आणि तो माझ्या धावण्यावर टिकून होता.

शेगावला कार्यक्रम ठरला. पुण्याहून दोघं जण शंतनुला बघायला येणार होते, पसंत पडला तर मोठ्या महोत्सवात बोलावणार होते. त्यानं ठरवलं, आई पहिल्या रांगेत बसेल. घरचीच भांडी, घरचीच आई, असं काहीतरी त्याला माइकवरून म्हणायचं होतं. सासूबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. आजारी माणसाच्या नकाराला आपल्याकडे हट्ट म्हणतात, त्यामुळे त्यांना उचलून गाडीत बसवलं. मला मात्र पडद्यामागे थांबून घागरींत पाणी भरून द्यायचं होतं. मी त्यांच्याजवळ बसायचं म्हणून भांडले.

"तिनं पेला वाजवला का मी लगेच थांबतो," तो म्हणाला. "आईची शप्पथ."

फुकट असल्यामुळे सभागृह भरलं होतं. लोकांना भजन आहे असं वाटलं होतं. भजनी मंडळाच्या बाया तर टाळ घेऊन आल्या होत्या. शंतनुनं परात घासली, सूप पाखडलं, बादलीत साखळी सोडली. लोक जांभया देऊ लागले. सामान मांडून झालं की सुरू करतील ना, असं एक आजोबा शेजाऱ्याला विचारत होते. पुण्याचे दोघं मोबाइल बघत होते. नवऱ्याला घाम फुटला होता. मला थोडी मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात पेला वाजला. व्हीलचेअरच्या दांडीवर, सलग.

मी हातातली घागर खाली ठेवली आणि शंतनुकडे पाहिलं. त्याचे हात थांबले होते. त्यानं आईकडे पाहिलं. मग तोच ठेका त्यानं पितळी घागरीवर उचलला.

शेगावची माणसं ती. ठेका कानावर पडला की हात आपोआप टाळीला जातात. मंडळाच्या बायांनी टाळ धरले, मागून टाळ्या सुरू झाल्या. सासूबाई घाबरून आणखी जोरात आपटू लागल्या, तसं सगळं सभागृहच जलद झालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा माउली रंगली, माउली रंगली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मी स्टेजवरून उतरले तर वाटेत माणसं उभी राहून नाचत होती. मी ढकलत, शिव्या देत पुढे गेले. त्या टाळांत माझ्या शिव्याही कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

मी पोचले तेव्हा पेला थांबला होता. भजनी मंडळाच्या पुढारी मनकर्णाबाई सासूबाईंच्या पाया पडत होत्या. त्यांनी पावलांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग बोटांकडे पाहिलं. खुर्चीखालची फरशी ओली झाली होती.

"माय वं, हे तं मुतली," त्या म्हणाल्या. नेमके तेव्हाच टाळ थांबले होते. हसणं मागच्या रांगेपर्यंत गेलं. मनकर्णाबाई पदरानं कपाळ पुसत माझ्याकडे अशा रागानं पाहत होत्या, की जणू मीच त्यांना फसवलं होतं.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी माझी ओढणी त्यांच्या मांडीवर टाकली. तिकडे पुण्याचे दोघं स्टेजवर चढून नवऱ्याला मिठ्या मारत होते.

परतताना तो गाडी चालवत शीळ घालत होता. सलग वाजवण्याचा अर्थ विसरलात का, असं मी त्याला विचारलं. त्यानं हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"इसरीन कसा? समजलं होतं मले," तो म्हणाला. "पण लोकं तवाच तं हालले ना. अन् त्या दोघायले तोच भाग आवडला. म्हने, महोत्सवात आईले घेऊनच या. मी हो म्हणून टाकलं."

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई जाग्या होत्या. अर्धांगवायूनं त्यांची वाचा नेली होती, कान नव्हते नेले.