फुंकरबाबांचा काळा फोटो

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात दोन एक्स-रे, एक फुंकरीआधीचा आणि एक नंतरचा. एक बाई रडत रडत दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरून अनोळखी माणसांना दाखवत होती. "बघा, गेला की नाही डाग? बघा ना!" आणि डाग खरंच दिसत नव्हता.

व्यासपीठावर फुंकरबाबा. भक्तांना डोक्याभोवती तेज दिसावं म्हणून पाठीमागे भला मोठा पांढरा दिवा. "पांढरं दिसतं ते पाप!" बाबा गरजले. "मी फुंकर घालतो, पाप उडतं. काळंभोर निर्मळ उरतं!" मग गाल फुगवून त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याच्या छातीवर फुंकर मारली. सायकलच्या पंपाला तरी जास्त जोर असतो.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण पहिल्या रांगेत माझा दादा आणि वहिनी बसले होते. मी बावीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढते. तीन महिन्यांपूर्वी दादाच्या उजव्या फुप्फुसातला डाग माझ्याच यंत्रावर दिसला, शर्टाच्या बटणाएवढा. सर्जन म्हणाले, लहान आहे तोवर काढून टाकू. दादाने तारीख पुढे ढकलली आणि आज सकाळी इस्पितळात फोन करून ती रद्दच करून टाकली. म्हणून मी इथे आले होते.

"अगं, गेला डाग!" त्याने नवी फिल्म माझ्या हातात कोंबली. "इथेच खाली तळमजल्यावर काढतात. बाबांचीच माणसं."

मी फिल्म खिडकीकडे धरली. हृदयाच्या सावलीतून पाठीचे मणके एकेक करून मोजता येत होते. चांगल्या फोटोत ते तिथे जेमतेम जाणवतात. फुप्फुसं मात्र डांबर फासल्यासारखी, रक्तवाहिन्यांची एक रेघ दिसेना.

"दादा, हा फोटो स्वच्छ नाही. जाळलाय."

"म्हणजे?"

"मुद्दाम किरण जास्त सोडलेत. जितके किरण पोचतात तितकी फिल्म काळी होते. फुप्फुसात हवा असते, किरण आरपार जातात, म्हणून ते आधी काळं पडतं. अतीच सोडले की डागही त्या काळ्यात बुडतो. तो आहे तिथेच आहे."

"असं अभद्र बोलू नका हो, ताई," वहिनी कळवळून म्हणाली. "डोळ्यांना दिसतंय ना, गेलाय म्हणून!"

इस्पितळात आमच्या खोलीत अशा जळक्या फिल्म बघायला एक उघडा, प्रखर बल्ब असतो. इथे कुठला? मी इकडेतिकडे पाहिलं, आणि माझी नजर बाबांच्या डोक्यामागे गेली. मी सरळ व्यासपीठावर चढले.

"कोण ही बाई? उतरवा हिला!"

"बाबा, जरा सरका. तुमचं तेज हवंय."

मी फिल्म दिव्यासमोर धरली. काळोख हळूहळू पातळ झाला. रक्तवाहिन्यांच्या रेघा उमटल्या आणि उजव्या फुप्फुसात तो डाग वर आला, आधी पुसट, मग कडांसकट.

"दिव्यातलं पाप आहे ते!" बाबा ओरडले. कुणी ऐकलं नाही. मघाची रडणारी बाई व्यासपीठावर पोचली होती. तिने आपली फिल्म धरली, पाहिली आणि बाजूला झाली. मागे म्हातारा. त्याच्यामागे रांग. फिल्म वाजण्याखेरीज आवाज नव्हता. बाबा कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. दिवा तेवढा मागे राहिला.

दादा जवळ आला. त्याने शर्टाचं बटण डागाला लावून पाहिलं. डाग बटणाबाहेर उरला.

"मोठा झालाय ना?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो."

"माझी तारीख?"

"दुपारीच दुसऱ्या पेशंटला दिली. आता पुन्हा नंबर लावायचा."

वहिनी तिथेच जमिनीवर बसली.

म्हणून सांगते. यंत्र खोटं बोलत नाही, हे अर्धंच खरं. किरण किती सोडले, पेशंट हलला का, श्वास रोखला का, बघताना उजेड किती होता, यावर फोटो ठरतो. डाग दिसत नाही म्हणजे डाग नाही, असं धरून चालू नका. आधी विचारा, यात डाग दिसू तरी शकेल का? शंका आली तर फोटो दुसरीकडे पुन्हा काढा. त्याला दहा मिनिटं लागतात. माझ्या दादाचे तीन महिने मला कुठल्याच यंत्रातून परत काढता येत नाहीत.