बाईंच्या नावाची पाटी

भिंगरी शाळेतून आली ती थेट पलंगाखाली शिरली. सहा वर्षांची पोर, एरवी घर डोक्यावर घेणारी. पण त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. आत्यानं हातातला ब्रश डब्यात टाकला आणि फरशीवर आडवी होऊन विचारलं, "काय झालं गं?"

"बाईंनी पाटी गळ्यात अडकवली. सगळ्या वर्गांतून फिरवलं. सगळे हसले."

पाटीवर तिनाच्या जागी सहा होता आणि 'त'चं पोट दांडीच्या भलत्याच बाजूला गेलं होतं.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, आणि अख्ख्या बाजारात तिच्या अक्षराला तोड नव्हती. पण पहिलीत असताना तीही अक्षरं उलटीच काढायची. याच बाईंनी तिलाही असंच फिरवलं होतं. सत्तावीस वर्षं झाली, तरी पाटीची ती दोरी मानेला अजून काचत होती.

"जाऊ दे ना," भिंगरीचा बाबा, म्हणजे आत्याचा दादा, म्हणाला. "महिन्याभरात निवृत्त होतायत बाई. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"तू जाऊ दे. मी नाही जाऊ देणार."

पण आधी तिनं पोरीला शिकवायला घेतलं. मागच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या जाड ब्रशानं हातभर उंच अक्षरं काढायची. "बोटं नको, खांदा फिरव." भिंगरीच्या उजव्या अंगठ्यावर तिनं लाल ठिपका दिला. "'त'ची दांडी ठिपक्याकडे, पोट दुसरीकडे. तिनाची पाठ ठिपक्याकडे, सहाची उलट." खरखरीत पॉलिश कागदाची अक्षरं कापून दिली, डोळे मिटून त्यांवर बोट फिरवायचं. चुकलं तर ओरडा नाही. भिंत वाळली की चूकही उडून जायची. तीन आठवड्यांत 'त' ताळ्यावर आला. तीन आणि सहाची भांडणं मात्र चालूच राहिली.

अशातच शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. बाईंच्या निरोप समारंभासाठी नावाची मोठी पाटी हवी होती. मंचावर पडदा ओढून ती दाखवायची होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आत्या म्हणाली, "करते की. अगदी मन लावून करते."

समारंभाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पडदा सरला. निळ्या पाटीवर सोनेरी अक्षरांत बाईंचं नाव, आणि एकूण एक अक्षर उलटं.  मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि पाहता पाहता सगळं सभागृह हसू लागलं.

"हे काय आहे?" बाईंनी चष्मा सावरला.

आत्या मंचावर चढली. "तुमचंच नाव आहे, बाई. वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बाईंचे ओठ हलले. दोन अक्षरांवर अडले.

"नाही जमत? मग गळ्यात अडकवू?"

हसू जागच्या जागी थिजलं. "आधी खाली उतरा!" मुख्याध्यापक ओरडले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कोण गं तू?"

आत्याला हे अपेक्षित नव्हतं. "पहिल्या बाकावर बसायचे मी. सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पाटी अडकवली होतीत. परवा माझ्या भाचीच्या."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "किती जणांच्या अडकवली, कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

आत्यानं पडद्याआडून दुसरी पाटी काढली, सरळ अक्षरांची, आजवरची तिची सगळ्यात देखणी. कामात खोट ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. ती तिनं स्वतः टांगली, दोरा धरून पातळी पाहिली आणि उतरली. टाळी कुणीच वाजवली नाही.

शाळेचं काम कायमचं सुटलं. दादानं आठ दिवस अबोला धरला.

"तुला काय वाटलं गं?" तिनं भिंगरीला विचारलं.

"मी सगळ्यांत जास्त हसले," भिंगरी म्हणाली.

आत्याला आत कुठंतरी टोचलं. पण ती जुनी आग विझल्याचा गारवा त्याहून मोठा होता, आणि तो तिनं कुणापासून लपवला नाही.