भिंतीच्या जागी काका

आमच्या हॉलची पहिली भिंत मंगळवारी सकाळी खाली बसली. पडली नाही. भाजी निवडायला बसावं तशी गुडघे दुमडून सावकाश बसली आणि मग तिचा भुगा झाला.

झालं ते खरवडण्यामुळे. रंगारी बोलवू, असं मी म्हटलं होतं. आई म्हणाली, "घरची चार माणसं असताना रंगारी कशाला?" चार म्हणजे आई, काका, शालूआत्या आणि मी. आत्याच्या मते जुना रंग मुळापासून काढल्याशिवाय नवा धरत नाही. मुळापर्यंत गेल्यावर कळलं की आत वीट नव्हतीच. सतरा दिवाळ्यांचे सतरा रंग एकमेकांना धरून उभे होते.

छत हातभर खाली आलं. काकांनी ते डोक्यावर घेतलं.

"जड आहे का?" मी विचारलं.

"जड असं नाही. वर येमूल काकू पोळ्या लाटतायत, तेवढं जाणवतं."

गुरुवारी अकराला ऋजुता माहेराहून, लातूरहून, बाळाला घेऊन येणार होती. बाळ दीड महिन्याचं झालं होतं आणि मी त्याला एकदाही हातात घेतलं नव्हतं. बारशाला मला सर्दी होती. सासूबाईंनी पाळणा दाखवला, तोही दारातून. हॉलचं रंगकाम त्याच्यासाठीच काढलं होतं.

काकांना तसंच ठेवणं बरं दिसेना. आत्याने त्यांना पुट्टी लावली.

"चष्मा तरी काढ," काका म्हणाले.

"राहू दे. खिडकी होईल."

पहिला हात देताना काका पाणीकपातीबद्दल बोलत होते. दुसऱ्या हाताला थांबले. मी कान लावून पाहिला. आत कुठेतरी नळ सुरू होता.

एक भिंत नवी आणि तीन जुन्या, हे आत्याला बघवेना. दुसरी तिने स्वतः खरवडली, आणि ती बसली तेव्हा आत्या न सांगता तिच्या जागी जाऊन उभी राहिली. छटा तिने आधीच निवडली होती. साय. बुधवारी दुपारी तिसरी बसली.

"आई, तू नको."

"मग कोण? शेजाऱ्यांना बोलवू? पुट्टी पातळ कर, गाठी राहतात."

मी ऋजुताला फोन लावला. "दोन दिवस उशिरा ये."

"का? रंग वाळला नाही?"

"काका वाळले नाहीत."

"बॅगा भरून झाल्यात माझ्या. तुला एक काम सांगितलं की हे असं."

आईच्या तोंडापाशी मी शेवटी आलो. ती म्हणाली, "बाळ आलं की भाकरतुकडा ओवाळून टाक. विसरशील तू." मी वाट पाहिली, अजून काही बोलेल म्हणून. मग पुट्टी सपाट केली. एक गाठ राहिली, त्यामुळे दोनदा करावी लागली.

चौथ्या भिंतीला, दाराच्या, मी बोटसुद्धा लावलं नाही. खरवडायचं पातं खिडकीतून फेकून दिलं. तरी गुरुवारी साडेदहाला बाकीच्या तिघींच्या मागोमाग तीही बसली, दारासकट. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी छत धरलं. काका खोटं बोलले होते. जड होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ऋजुता जिना चढून आली. खांद्यावर बॅग, हातात दुपट्यातलं बाळ.

"रंग छान आलाय," माझ्या काखेतून आत डोकावत ती म्हणाली. "घरात कोणी नाही?"

"सगळे आहेत."

"मग असा काय उभायस? धर याला. हात गेलेत माझे."

मी एक बोट काढून पाहिलं. छत वीतभर खाली आलं आणि तिन्ही भिंतींमधून एकदमच कण्हल्यासारखा आवाज आला. बोट परत लावलं.

"खाली ठेव त्याला," मी म्हटलं.

"जिन्यात? आणि काय रे, अजून सर्दी आहे का तुला?"

"नाही."

"मग घे की."

बाळ माझ्याकडे बघत होतं. त्याची हनुवटी काकांसारखी होती. ऋजुताने दोन्ही हात लांब करून त्याला माझ्या छातीपाशी आणलं, आणि समोरच्याने घेतलं असं समजून माणूस करतो तसे हात सैल केले.