झाकलेली ओळ

चष्म्याच्या दुकानाचं वेबपेज धाकटीनेच बनवलं होतं. दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि उरलेल्या वेळात पेज सजवायचं. ‘आमची माणसं’ या यादीपुढचे काळे ढब्बू ठिपके तिने काढले, तिथे आकडे आणले, ते तपकिरी केले, ओळींमध्ये नीट जागा सोडली. एक बाबा, दोन दादा, तीन ती स्वतः, चार वहिनी.

शेवटच्या आजारपणात बाबांनी दादाकडून शब्द घेतला होता, “दुकान दोघांचं. हिचं नाव यादीतून काढायचं नाही.” दादा मान डोलावून रडला. रडण्यात तो लहानपणापासून पटाईत.

बाबा गेले आणि वहिनीला अचानक पेज शिकायची हौस आली. हातचं राखून शिकवणं धाकटीला कधी जमलंच नाही. “आकडे हाताने लिहू नका वहिनी, पेज आपलं आपण मोजतं. कुणी रजेवर असलं तर ओळ पुसायची नाही. सीएसएसच्या, म्हणजे पेजच्या सजावटीच्या फाइलमध्ये एक सूचना द्यायची, की ती झाकली जाते. खालचे आकडे वर सरकतात, कुणाला पत्ता लागत नाही.”

वहिनीने सगळं वहीत टिपून घेतलं.

महिन्याभराने तपासणीच्या खुर्चीतल्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, “दुकान सोडताय का? पेजवर दिसत नाही तुम्ही.”

धाकटीने मोबाइल उघडला. एक बाबा, दोन दादा, तीन वहिनी. मध्ये फट नाही, रंग तोच. तिच्याच हातचं काम, त्यात खोट कुठून असणार?

दादा काउंटरवर फ्रेमा पुसत होता.

“माझं नाव का काढलंस?”

“काढलं कुठे? कोड उघडून बघ.”

तिने दुकानाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. दादा आणि वहिनीच्या मध्ये तिचं नाव जसंच्या तसं होतं आणि सीएसएसमध्ये त्या ओळीसाठी झाकायची सूचना होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळून तिचं तोंड कडू झालं.

“म्हणजे दुकान आता तुमचं दोघांचं.”

“तू काम कर की नेहमीसारखं, तुला कोण हाकलतंय?” दादा फ्रेम उजेडाकडे धरत म्हणाला. “आणि नाव आहे तिथेच आहे. बाबांना दिलेला शब्द मी मोडत नसतो.”