राखेतली चवळी

मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर गवतसुद्धा करपलं होतं आणि बाबांच्या चौरंगावर, राखेनं भरलेल्या कुंडीत, चवळीचं रोप शेंगांसकट हिरवंगार उभं होतं.

"बी नाही, माती नाही, पाण्याचा थेंब नाही! नुसती राख आणि माझा शब्द!" बाबा गरजले. चिमूटभर राखेसाठी शहाणीसुरती माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

विज्ञानाच्या बाई मागे उभ्या राहून दातओठ खात होत्या. मागच्याच आठवड्यात बाबांनी फर्मावलं होतं, "शाळेतली पोरं रोपांना तहानलेली ठेवतात, म्हणून पाऊस रुसलाय." झालं! बाईंचा सख्खा दीर पुढे आणि अर्धं गाव मागे, असा जमाव शाळेच्या वाफ्यात घुसला आणि सगळं उपटून मोकळा झाला. कमी पाण्यावर कुठलं कडधान्य तग धरतं, ते मुलं त्या वाफ्यात बघत होती आणि संशोधकांना कळवत होती. वर्षानुवर्षं निवडून जपलेले वाण मातीमोल झाले. बाई रडल्या नाहीत. त्यांना सूड हवा होता, आणि तोही चारचौघांत.

उपटलेल्या ढिगात एकच रोप सापडलं नव्हतं, सगळ्यात चिवट. ते वर्गातल्या चष्मेवालीचं. नावाच्या पाट्या शेळ्या खातात, म्हणून मुलं रोप लावतानाच मुळाशी, मातीखाली, आपापल्या रंगाची लोकर बांधत. चष्मेवालीनं जुन्या स्वेटरची लाल लोकर बांधली होती.

बाई पुढे झाल्या. "बाबा, खरंच यात माती नाही?"

"शपथेवर सांगतो!"

"आणि रोप आमच्या शाळेतलं नाही?"

"शाळेतलं?" बाबा खो खो हसले. "माझ्या डोळ्यांदेखत राखेतून उगवलंय ते."

"ऐकलंत ना, भाऊजी?"

"ऐकलं, वहिनी. आता तरी पाया पडा."

"पडते की. चष्मेवाले, कुंडी उलटी कर गं."

शिष्य धावेपर्यंत पोरीनं काम उरकलं होतं. वरची मूठभर राख उडाली. खालून ओल्या मातीचा गोळा आला, त्याखालून पाणी ठिबकणारा स्पंज. मुळाशी लाल लोकर होती.

"माझी आहे ती," चष्मेवाली म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तुम्ही उपटत होतात, तेव्हा यांचे शिष्य हे रोप अलगद खणून नेत होते," बाई म्हणाल्या.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. लोक चपला काढून सरसावले. सगळ्यांत पुढे पुन्हा भाऊजीच!

"मारायचं नाही," बाई कडाडल्या. "मार खाल्ला की उद्या हा हुतात्मा व्हायचा. पोलीस येईपर्यंत याच्या हातात कुदळ द्या. दुसरी तुम्ही घ्या, भाऊजी. उपटलंत तुम्ही, खणायचंही तुम्हीच."

भर उन्हात दोघं शाळेचा वाफा खणत होते आणि मुलं कठड्यावर बसून बघत होती. बाईंना मनापासून गार वाटत होतं. त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

"वहिनी, घोटभर पाणी द्या हो."

"देते. या चवळीलाही लागतंच, कमी लागतं एवढंच. पाण्यावाचून काहीच जगत नाही, हे या पोरांना ठाऊक होतं. तुम्ही त्यांना विचारलंही नाहीत. यापुढे कुणापुढे हात जोडायचे असतील, तर आधी त्याची कुंडी उलटी करून बघा."

दिरानं मान खाली घातली. चष्मेवालीनं आपल्या रोपाच्या खालच्या, वाळलेल्या शेंगा सोलून त्याच्या तळहातावर बी ठेवलं.

"पेरा, काका. लोकर कशी बांधायची ते मी नंतर दाखवते."